१३७८ ची पोपची निवडणूक: जमावाची भीती आणि कार्डिनलांचा निर्णय

प्रश्न असा आहे: एप्रिल १३७८ मध्ये रोमच्या जमावाने राजवाड्याला वेढा घातलेला असताना कार्डिनलांनी, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी, सहाव्या अर्बनला पोप म्हणून निवडले. चारच महिन्यांनी त्याच कार्डिनलांनी ‘आम्ही जिवाच्या भीतीने मते दिली’ असे सांगून ती निवड रद्दबातल ठरवली आणि दुसरा पोप उभा केला. मग पहिली निवडणूक वैध होती की नव्हती?

मध्ययुगीन चर्चचा इतिहास आणि धर्मकायदा शिकवणे हे माझे काम आहे आणि या निवडणुकीच्या साक्षी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. भीती खरी होती, तिने निवडीवर परिणामही केला. पण त्या भीतीने फक्त एवढेच ठरवले की नवा पोप इटालियन असेल. तो इटालियन म्हणजे बार्तोलोमेओ प्रिन्यानोच का, याचे उत्तर जमावात सापडत नाही. ते कार्डिनलांच्या आपसांतल्या भांडणात सापडते. म्हणून मी ती निवड वैध मानतो. हे मत सर्वांना मान्य नाही आणि विरुद्ध बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून सगळे प्रकरण जरा तपशिलाने मांडतो.

आधी रोम एवढे का पेटले होते ते पाहू. १३०५ मध्ये बोर्दोचा आर्चबिशप पाचवा क्लेमेंट या नावाने पोप झाला आणि तो इटलीत कधी आलाच नाही. १३०९ पासून पोपचा दरबार आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या, ऱ्होन नदीकाठच्या आव्हिन्योंत बसला. त्यानंतरची जवळपास सत्तर वर्षे, एकामागून एक सात पोप, सगळे फ्रेंच. त्यांनी नेमलेले कार्डिनलही बहुतेक फ्रेंच. १३४८ मध्ये सहाव्या क्लेमेंटने नेपल्सची राणी जोआना हिच्याकडून ८०,००० फ्लोरिनांना (फ्लोरिन म्हणजे सोन्याचे नाणे) आव्हिन्यों शहर विकतच घेतले, तेव्हा दरबार परत येणार ही आशाही मावळली. रोमकरांसाठी हा नुसता मानापमानाचा विषय नव्हता. सराफ, खाणावळवाले, घरमालक, कारकून, सगळ्यांचे पोट पोपच्या दरबारावर. यात्रेकरू यायचे, पण खटले, नेमणुका आणि त्यांमागून वाहणारा पैसा आव्हिन्योंला जायचा. पाचवा अर्बन १३६७ मध्ये रोमला आला आणि १३७० मध्ये परत गेला. म्हणजे हातातोंडाशी आलेला घास एकदा गेलेला होता.

शेवटी अकरावा ग्रेगरी १७ जानेवारी १३७७ रोजी रोममध्ये शिरला. त्या वेळी फ्लोरेन्सशी युद्ध चालू होते आणि पोपच्या ताब्यातली एकेक शहरे बंड करत होती. त्याच फेब्रुवारीत चेझेना गावात पोपच्या भाडोत्री ब्रेटन सैन्याने आणि जॉन हॉकवुड या इंग्रज भाडोत्री सेनानीच्या शिपायांनी हजारो लोकांची कत्तल केली. त्या मोहिमेचा प्रमुख होता जिनिव्हाचा कार्डिनल रॉबर्ट. हे नाव लक्षात ठेवा. २७ मार्च १३७८ रोजी ग्रेगरी वारला, तेव्हा फ्रेंच कार्डिनलांविषयी इटलीत काय भावना होती याची कल्पना यावरून येईल.

आता आकडे, कारण या प्रकरणात आकड्यांना फार महत्त्व आहे. रोममध्ये त्या वेळी १६ कार्डिनल होते: ११ फ्रेंच, ४ इटालियन आणि १ स्पॅनिश, पेद्रो दे लुना. आणखी ६ आव्हिन्योंतच राहिले होते आणि एक, आमियेंचा कार्डिनल जाँ द ला ग्रांज, तह घडवण्यासाठी तोस्कानाकडे गेलेला होता. तिसऱ्या अलेक्झांडरने ११७९ च्या लॅटरन परिषदेत घालून दिलेल्या नियमानुसार पोप निवडायला दोन तृतीयांश मते लागत. १६ चे दोन तृतीयांश म्हणजे ११. म्हणजे फ्रेंच कार्डिनल एकदिलाने राहिले असते तर त्यांना कोणाचीही गरज नव्हती.

पण ते एकदिलाने नव्हते. त्यांच्यातला मोठा गट लिमुझें प्रांताचा. सहावा क्लेमेंट, सहावा इनोसंट आणि अकरावा ग्रेगरी, तिघेही त्याच प्रांतातले. भाऊ, पुतणे, भाचे यांना कार्डिनल करत त्यांनी तो गट वाढवला होता. ग्रेगरी स्वतः सहाव्या क्लेमेंटचा पुतण्या. उरलेल्या फ्रेंचांना, ज्यांत जिनिव्हाचा रॉबर्टही होता, आणखी एक लिमुझें पोप नको होता. त्यापेक्षा इटालियन चालेल, असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. निवडणूक सुरू होण्याआधीच, ग्रेगरीच्या अंत्यविधीच्या दिवसांत, खाजगी बैठकांमध्ये बारीच्या आर्चबिशपचे नाव निघाले होते असे अनेक साक्षीदार सांगतात. हा आर्चबिशप म्हणजेच प्रिन्यानो. नेपल्सचा माणूस, कार्डिनल नव्हे, पण आव्हिन्योंत वर्षानुवर्षे काम केलेला. पोपच्या कचेरीचा उपप्रमुख आव्हिन्योंत राहिल्यामुळे रोममधला कारभार प्रिन्यानोच पाहत होता. कष्टाळू, कायदा जाणणारा, साधा राहणारा आणि कार्डिनलांसमोर नम्र असणारा. लिमुझें गटाला तो आपला वाटत होता, इटालियनांना तो इटालियन होता आणि उरलेल्या फ्रेंचांना तो लिमुझें नव्हता.

७ एप्रिलच्या संध्याकाळी कार्डिनल व्हॅटिकनच्या राजवाड्यात शिरले. बाहेर चौक माणसांनी भरलेला. घोषणा एकच: ‘रोमन हवा, निदान इटालियन तरी!’ शहराच्या विभागांचे प्रमुख आत येऊन हीच मागणी कार्डिनलांच्या तोंडावर सांगून गेले. रात्रभर गोंगाट चालला. पोपच्या तळघरातल्या मद्याची पिंपे फुटली, तेव्हा जमाव कोणत्या अवस्थेत होता ते वेगळे सांगायला नको. ८ तारखेच्या सकाळी धोक्याच्या घंटा वाजू लागल्या. बंदोबस्तावर असलेल्या मार्सेयच्या बिशपने आत निरोप दिला की लवकर रोमन किंवा इटालियन निवडा, नाहीतर हे लोक तुमचे तुकडे करतील. ही भीती नाटकी होती असे म्हणणाऱ्यांनी हे सगळे एकदा नीट वाचावे.

पण त्या सकाळी आत काय बोलणे झाले, तेही तितकेच नीट वाचले पाहिजे. ज्येष्ठ म्हणून फ्लोरेन्सच्या पिएत्रो कोर्सिनीने पहिले मत दिले ते वृद्ध रोमन कार्डिनल फ्रान्चेस्को तेबाल्देस्की याला. त्यावर लिमोझचा कार्डिनल जाँ द क्रो बोलला. तेबाल्देस्की फार म्हातारा आहे, शिवाय रोमन आहे, त्याला निवडले तर आपण जमावापुढे वाकलो असेच दिसेल. कोर्सिनी फ्लोरेन्सचा, आणि फ्लोरेन्स चर्चशी लढते आहे. सिमोने ब्रोसानो मिलानचा, तिथले व्हिस्कोन्ती घराणेही चर्चचे वैरी. जाकोमो ओर्सिनी रोमन, तरुण आणि एका बलाढ्य घराण्याचा पक्षपाती. चारही इटालियन असे बाद झाले आणि मग त्याने बारीच्या आर्चबिशपचे नाव घेतले. बहुतेकांनी होकार दिला. ओर्सिनीने मात्र मत दिले नाही. आपण मोकळे नाही, असे त्याचे म्हणणे होते. एखाद्या फ्रान्सिस्कन साधूला पोपचा झगा घालून जमावाला दाखवू आणि निसटून दुसरीकडे खरी निवडणूक घेऊ, अशी युक्तीही त्याने सुचवली होती. ती कोणी मानली नाही.

घाबरलेली माणसे असा विचार करत नाहीत, असे मी म्हणणार नाही. घाबरलेली माणसेही विचार करतात. मी एवढेच म्हणेन की जमावाची पहिली मागणी रोमन माणसाची होती आणि रोमन माणूस समोर बसलेला असताना, जमावापुढे वाकल्यासारखे दिसेल म्हणूनच, त्यांनी त्याला नाकारले. जीव वाचवणे हाच एक हेतू असता तर सर्वांत सोपा मार्ग तेबाल्देस्की हा होता.

पुढची घटना तर विलक्षण आहे. प्रिन्यानो कार्डिनल नसल्याने आत नव्हता. त्याला आणि आणखी काही इटालियन धर्माधिकाऱ्यांना बोलावणे गेले. मधल्या वेळात दुपारच्या जेवणानंतर, बाहेर थोडे शांत झालेले असताना, प्रार्थनामंदिरात जमलेल्या तेरा कार्डिनलांना विचारण्यात आले की सकाळच्या निवडीवर आपण ठाम आहोत ना? उत्तर ‘हो’ असे आले. तेवढ्यात जमावाने दारे फोडली. बाहेर अर्धवट बातमी पोचली होती. ‘बारी’ ऐकून काहींना तो जाँ द बार नावाचा फ्रेंच दरबारी वाटला आणि ते आणखी भडकले. तेव्हा कार्डिनलांनी काय केले? बिचाऱ्या तेबाल्देस्कीला पोपचा झगा चढवला, सिंहासनावर बसवले आणि हाच तुमचा पोप म्हणून पुढे केले. तो म्हातारा ओरडून सांगत होता की मी पोप नाही, पोप बारीचा आर्चबिशप आहे. या गोंधळात बाकीचे निसटले. सहा जण सांत आंजेलोच्या किल्ल्यात गेले, काही शहराबाहेर पळाले.

सिएनाची कॅथरिन ही पुढे संत मानली गेलेली, अर्बनच्या बाजूची धर्मनिष्ठ स्त्री. तिने पुढे आपल्या पत्रांत याच प्रसंगावर बोट ठेवले. तिचे म्हणणे असे की भीतीने केलेली निवड कोणती होती ते तुम्हीच दाखवून दिले: ती तेबाल्देस्कीची, आणि ती खोटी होती हे तुम्हीच कबूल केले. प्रिन्यानोची निवड तर तुम्ही जमावापासून लपवत होता. मला हा युक्तिवाद आजही सर्वांत भक्कम वाटतो. जी निवड जमावाला खूश करण्यासाठी केली, ती जमावाला सांगायची भीती का वाटावी?

दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, बारा कार्डिनल परत आले, त्यांनी प्रिन्यानोला निवड कळवली, त्याने ती स्वीकारली आणि त्याला विधिपूर्वक गादीवर बसवले. त्याने सहावा अर्बन हे नाव घेतले. १८ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, राज्याभिषेक झाला. १९ तारखेला रोममधल्या कार्डिनलांनी आव्हिन्योंच्या सहकाऱ्यांना पत्र लिहून कळवले की आम्ही मोकळेपणाने आणि एकमताने निवड केली आहे. त्यांनी नव्या पोपकडे स्वतःसाठी आणि आपल्या माणसांसाठी पदे आणि उत्पन्ने मागणारे अर्जही दिले. हे अर्ज मला पत्रांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. पत्र दडपणाखाली लिहून घेता येते. पण ज्याला आपण पोप मानत नाही त्याच्याकडून पुतण्यासाठी जहागिरी मागण्याची सक्ती कोणी करत नाही.

आता विरुद्ध बाजू. धर्मकायद्यात आणि त्यामागच्या रोमन कायद्यात असे तत्त्व होते की खंबीर माणसालाही डळमळवील अशी भीती घालून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. मारून टाकू अशी धमकी, फुटलेली दारे, घंटांचा गजर. हे त्या व्याख्येत बसत नाही असे कोणता वकील म्हणेल? शिवाय जोवर कार्डिनल रोममध्ये होते तोवर तोच जमाव आसपास होता; मग एप्रिलमधली पत्रे आणि विधी यांनी मूळ दोष कसा धुतला जाईल? पुढे कार्डिनलांनी नेमके हेच मांडले. माझा आक्षेप इतकाच आहे की सांत आंजेलोचा किल्ला तेव्हाही एका फ्रेंच किल्लेदाराच्या ताब्यात होता आणि त्याने तो अर्बनला दिला नव्हता. सहा कार्डिनल त्याच किल्ल्यात सुरक्षित होते आणि तिथून ते अर्बनला गादीवर बसवायला बाहेर आले. शहराबाहेर गेलेले, ज्यांत रॉबर्टही होता, बाहेरच राहू शकले असते, तेही परतले. उशिरा आलेल्या द ला ग्रांजने तर एप्रिलचा तो दंगा पाहिलाही नव्हता, तरी त्यानेही आधी अर्बनला मान दिला.

मग बिनसले कुठे? अर्बनच्या स्वभावात. कचेरीतला नम्र माणूस गादीवर बसताच बदलला. ईस्टर सोमवारी त्याने दरबारातल्या बिशपांना, आपापली धर्मक्षेत्रे सोडून इथे बसता म्हणून, शपथ मोडणारे ठरवले. कार्डिनलांनी जेवणात एकच पदार्थ घ्यावा असे फर्मान काढले. ओर्सिनीला भर सभेत मूर्ख म्हटले, द ला ग्रांजवर पैसे खाल्ल्याचा आरोप केला, लिमोझच्या कार्डिनलवर, म्हणजे ज्याने त्याचे नाव सुचवले त्याच माणसावर, धावून गेला. फ्रेंच बहुमत मोडण्यासाठी भरपूर इटालियन कार्डिनल नेमीन अशी धमकी दिली. फोंदीचा सरदार ओनोरातो काएतानी याने ग्रेगरीला दिलेले २०,००० फ्लोरिनांचे कर्ज फेडायला नकार दिला आणि एक शस्त्रधारी शत्रू विनाकारण ओढवून घेतला. त्याच्या सुधारणांतल्या कितीतरी गोष्टी रास्त होत्या. धर्माधिकाऱ्यांची चैन आणि लाचखोरी याविषयी तो जे बोलला ते खरे होते. पण ज्यांच्या हातून सुधारणा करून घ्यायची त्यांनाच त्याने तीन महिन्यांत वैरी केले.

उन्हाळ्याचे निमित्त करून फ्रेंच कार्डिनल एकेक करत आनान्यीला गेले. ब्रेटन सैन्य त्यांच्या रक्षणाला आले. जुलैत सालारिओ पुलापाशी त्या सैन्याने रोमकरांचा पराभव केला. आणि मग, आपले सैन्य हाताशी आल्यावर, ९ ऑगस्टला त्यांनी जाहीर केले की एप्रिलची निवडणूक भीतीपोटी झाली होती, सबब रद्द. २० सप्टेंबरला काएतानीच्या छत्राखाली फोंदी येथे त्यांनी जिनिव्हाच्या रॉबर्टला पोप केले. त्याने सातवा क्लेमेंट हे नाव घेतले. तीन इटालियन कार्डिनल तिथे हजर होते, पण त्यांनी मत दिले नाही. तेबाल्देस्की आदल्या आठवड्यांतच, शेवटपर्यंत अर्बनलाच पोप मानून, वारला होता.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे असे मला वाटते. कार्डिनलांना वाटत होते की आपण निवडलेला माणूस गादीला लायक नाही. कदाचित सत्तेने त्याचे डोके फिरले आहे. अशा पोपला हटवण्याचा कायदा होता का? नव्हता. पोपचा न्याय कोणी करू शकत नाही, हे तत्त्व शतकानुशतके घट्ट झालेले होते. पाखंडाचा अपवाद सोडला तर दुसरी वाट नव्हती. आणि अर्बन पाखंडी नव्हता, तो उद्धट होता. निवडणुकीच्या पद्धतीवर चर्चने भरपूर कायदे केले होते. व्हितेर्बोत १२६८ ते १२७१ अशी जवळपास तीन वर्षे निवड रखडली, तेव्हा गावकऱ्यांनी छप्पर उतरवले आणि अन्न तोडले. त्या अनुभवातून दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा आणि निवड लांबेल तसे अन्न कमी करण्याचा नियम केला. निवड व्हावीच कशी, याचा विचार झाला होता. झालेली निवड चुकीची निघाली तर काय, याचा झाला नव्हता. म्हणून असमाधानी कार्डिनलांपुढे एकच दार उघडे होते: तो कधी पोप झालाच नाही, असे म्हणणे. एप्रिलमधली खरी भीती त्यांच्या ऑगस्टमधल्या गरजेला उपयोगी पडली.

आणि हे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवणारे न्यायासनही नव्हते. म्हणून प्रत्येक राजाने आपापला निकाल लावला. फ्रान्सच्या पाचव्या चार्ल्सने क्लेमेंटला मान्यता दिली, स्कॉटलंड त्यामागे गेले. फ्रान्सशी लढणारे इंग्लंड अर्बनकडे राहिले, तसेच इटलीचा बराच भाग, हंगेरी, पोलंड आणि जर्मनीतला बहुतेक मुलूख. बालदो देल्यी उबाल्दी आणि जोव्हान्नी दा लेन्यानो या इटलीतल्या नामांकित कायदेपंडितांनी अर्बनच्या बाजूने मते लिहून दिली. अपवाद म्हणावा तो आजच्या स्पेनमधल्या कास्तील राज्याचा. राजा पहिला हुआन याने मेदिना देल काम्पो येथे १३८० च्या अखेरीपासून रीतसर चौकशी लावली, दोन्ही बाजूंच्या साक्षी नोंदवल्या आणि १३८१ मध्ये क्लेमेंटच्या बाजूने निर्णय दिला. फ्रान्सशी असलेल्या मैत्रीचा त्यात वाटा होता हे उघड आहे, पण त्या चौकशीचे दप्तर म्हणजे आम्हा अभ्यासकांसाठी खाण आहे.

या साक्षी वाचणार असाल तर एक सवय लावून घ्या. साक्षीदार त्या सकाळी नेमका कुठे उभा होता, साक्ष कोणत्या महिन्यात दिली आणि तेव्हा त्याचे पोट कोणत्या पोपवर अवलंबून होते, हे आधी पाहा. मग दोन्ही बाजूंना नाकारता न आलेल्या गोष्टी वेगळ्या काढा: घोषणा, घंटा, फोडलेली दारे, तेबाल्देस्कीचे सोंग, राज्याभिषेक, अर्ज. या गोष्टी सगळ्यांनी मान्य केल्या आहेत. वाद आहे तो कार्डिनलांच्या मनात काय होते याचा, आणि तिथे मी नंतरच्या शब्दांपेक्षा त्या वेळच्या कृतीला जास्त वजन देतो.

अर्बनचा पुढचा काळ फार भीषण गेला. जानेवारी १३८५ मध्ये नोचेरा येथे त्याने आपल्याच सहा कार्डिनलांना कटाच्या संशयावरून पकडून त्यांचा छळ केला. त्यांतला इंग्रज कार्डिनल ॲडम ईस्टन राजाच्या रदबदलीने वाचला, बाकीचे पाच संपले. त्यामुळे अनेकांना वाटते की कार्डिनलांनी १३७८ मध्ये त्याला ओळखले होते. असेलही. पण माणूस वाईट निघाला म्हणून त्याची निवड मुळात अवैध होती असे म्हणता येत नाही.

फूट १४१७ पर्यंत चालली. १४०९ मध्ये पिसाच्या परिषदेने दोन्ही पोपांना हटवून तिसरा नेमला आणि तीन पोप झाले. शेवटी कॉन्स्टन्सच्या परिषदेने पिसाच्या परंपरेतल्या तेविसाव्या जॉनला १४१५ मध्ये पदच्युत केले, रोमच्या बाराव्या ग्रेगरीचा राजीनामा घेतला आणि आव्हिन्योंच्या परंपरेतल्या तेराव्या बेनेडिक्टला १४१७ मध्ये काढून टाकले. हा बेनेडिक्ट म्हणजे १३७८ च्या त्या सोळांपैकीच एक, पेद्रो दे लुना. त्याचा युक्तिवाद असा होता की फुटीच्या आधी नेमलेला जिवंत कार्डिनल आता मी एकटाच आहे, बाकी सर्वांची नेमणूक वादग्रस्त आहे, म्हणून पोप निवडण्याचा निर्विवाद हक्कही माझ्या एकट्याचाच. कॉन्स्टन्सने ते ऐकले नाही. ११ नोव्हेंबर १४१७ रोजी पाचवा मार्टिन निवडला गेला तो २३ कार्डिनल आणि पाच राष्ट्रगटांचे प्रत्येकी सहा असे ३० प्रतिनिधी मिळून, आणि दोन तृतीयांश मते कार्डिनलांत तशीच प्रत्येक गटात वेगवेगळी मिळावी लागली. या वेळी मतदारांच्या अधिकाराविषयी कोणी बोट दाखवू नये याची एवढी काळजी घेतली गेली.

पोपांच्या अधिकृत यादीत आज अर्बनचीच परंपरा खरी धरली जाते. म्हणूनच सोळाव्या शतकात पुन्हा एक ‘सातवा क्लेमेंट’ होऊ शकला आणि १९५८ मध्ये पुन्हा एक ‘तेविसावा जॉन’. पण कॉन्स्टन्सने ८ एप्रिल १३७८ च्या त्या निवडीवर निकाल दिला नाही. तिन्ही बाजूंचे कार्डिनल त्यांनी कार्डिनल म्हणूनच स्वीकारले आणि कोणाची नेमणूक मुळात खरी होती हा प्रश्न जाणूनबुजून उघडला नाही.